मक्यावरील लष्करी अळी : पहिले तीस दिवस निर्णायक

(खरीप हंगामाच्या तोंडावर मका उत्पादक शेतकऱ्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



मका हे एके काळी परसातले किंवा बांधाकडेचे पीक समजले जाई. ती स्थिती आता राहिलेली नाही. जळगाव, नाशिक, धुळे, छत्रपती संभाजीनगर, जालना, बुलढाणा, अहिल्यानगर, सोलापूर, सांगली अशा अनेक जिल्ह्यांत मक्याने कोरडवाहू आणि बागायती अशा दोन्ही शेतीत आपले स्थान पक्के केले आहे. कोंबड्यांचे खाद्य, स्टार्च आणि इथेनॉल यांसाठी त्याच्या दाण्याला मागणी असते. हिरवा मका मुरघासाला जातो आणि कणसे काढल्यानंतर उरलेली ताटे जनावरांच्या दावणीला येतात. एक-दोन एकर जमीन आणि गोठ्यात दोन दुभती जनावरे, एवढाच ज्यांचा संसार आहे, त्या अल्पभूधारकाला तर हे पीक दुहेरी आधाराचे आहे. दाण्याने उसनवारी फिटते आणि वैरणीने दूध टिकते. म्हणूनच या पिकावर संकट आले म्हणजे ते केवळ शेतापुरते राहत नाही. ते गोठ्यापर्यंत आणि चुलीपर्यंत पोहोचते.

असे संकट २०१८ साली या देशात आले. त्याचे नाव अमेरिकन लष्करी अळी. गेल्या काही हंगामांत या अळीचा अनुभव बहुतेक मका उत्पादकांनी घेतला आहे. कोणी दोन, कोणी चार फवारण्या केल्या. काहींच्या हाती पीक लागले, काहींच्या हाती केवळ औषधाच्या दुकानाची उधारी राहिली. या दोघांतला फरक बहुधा औषधाच्या किमतीत नसतो, तो वेळेत असतो. पीक उगवल्यापासूनच्या पहिल्या तीस दिवसांत ज्याने पोंग्याकडे लक्ष दिले, त्याचा खर्च कमी आणि पदरात पडले ते अधिक, असे या किडीचे साधे गणित आहे. ते गणित नीट उलगडून पाहणे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

कीड आली कोठून?

या किडीचे शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा असे आहे. तिचे मूळ स्थान अमेरिका खंडाच्या उष्ण व उपोष्ण भागात आहे. उत्तर अमेरिकेतील थंडी तिला सोसत नाही. त्यामुळे हिवाळ्यात ती फ्लोरिडा व टेक्सास राज्यांच्या दक्षिण भागात तग धरून राहते आणि उन्हाळा सुरू झाला की पतंगांच्या रूपाने दरवर्षी उत्तरेकडे सरकते. तेथील शेतात ती शरद ऋतूच्या सुमारास मोठ्या संख्येने दिसे, म्हणून तिच्या इंग्रजी नावात शरद ऋतूचा उल्लेख आला.

२०१६ च्या प्रारंभी ही कीड पश्चिम आफ्रिकेत आढळली आणि दोन वर्षांच्या आत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील बहुतेक देशांत पसरली. भारतात तिची पहिली नोंद मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात झाली. त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत ती महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यापर्यंत आली. मक्याबरोबर उसावरही ती दिसून आली आणि २०१९ च्या खरिपात राज्याच्या मका पट्ट्यात तिने मोठा उपद्रव केला.

एवढ्या वेगाने ती पसरली, याचे कारण तिच्या पतंगाच्या पंखांत आहे. वाऱ्याची साथ मिळाल्यास हा पतंग एका रात्रीत सुमारे शंभर किलोमीटर अंतर कापू शकतो. दुसरे कारण तिच्या भुकेत आहे. साडेतीनशेहून अधिक वनस्पतींवर तिची नोंद झालेली आहे. मका ही तिची पहिली पसंती. त्याखालोखाल ज्वारी, ऊस आणि इतर तृणधान्ये. तिसरे कारण आपल्याकडील हवामानात आहे. ही अळी सुप्तावस्थेत जात नाही. तिला बारमाही हिरवे खाद्य लागते, आणि ते तिला येथे मिळते. खरिपाचा मका निघतो तोच रब्बीचा उगवतो, आणि उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यावर वैरणीचा मका उभा असतो. एका शेतातून दुसऱ्या शेतात जाण्यासाठी तिला जणू हिरवा पूलच बांधून मिळतो.

अळीची ओळख

मक्यावर अनेक अळ्या येतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो. म्हणून ओळख पटल्याशिवाय उपाय करू नये. अमेरिकन लष्करी अळी पूर्ण वाढल्यावर तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी फिकट खूण स्पष्ट दिसते. शेपटीकडील शेवटून दुसऱ्या भागावर चार काळे ठिपके चौकोनात मांडलेले असतात. इतर भागांवरही ठिपके असतात, परंतु त्यांची मांडणी समलंब चौकोनासारखी असते. उलटा वाय आणि चौकोनातील चार ठिपके ही दोन लक्षणे एकत्र दिसली की शंकेला जागा राहत नाही.

अळी लहान असताना या खुणा स्पष्ट नसतात. त्या वेळी पानांवरून ओळख करावी. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडून खातात व पातळ पापुद्रा तेवढा शिल्लक ठेवतात. पानावर कागदासारखे पारदर्शक पांढरट चट्टे दिसू लागतात. पुढे पानांना टाचणीएवढी आणि नंतर मोठी, वेडीवाकडी छिद्रे पडतात. अळी पोंग्यात शिरली म्हणजे तेथे लाकडाच्या ओल्या भुशासारखी विष्ठा साचते.

खोडकिडीने पडलेली छिद्रे बहुधा एका ओळीत असतात आणि पुढे मधला पोंगा वाळून पोंगेमर होते. पूर्वापार परिचयाची देशी लष्करी अळी रात्री पाने कडेकडून कुरतडते आणि बरेचदा मधली शीर तेवढी शिल्लक ठेवते. हा फरक लक्षात ठेवला तर चुकीच्या अळीसाठी चुकीचे औषध विकत घेण्याची वेळ येत नाही.

जीवनक्रम आणि त्यातील कच्चा दुवा

मादी पतंग रात्री पानांवर किंवा पोंग्यालगत पुंजक्याने अंडी घालते. एका पुंजक्यात साधारण शंभर ते दोनशे अंडी असतात आणि त्यांवर करड्या, कापसासारख्या केसांचे आवरण असते. एक मादी आपल्या आयुष्यात दीड ते दोन हजारांपर्यंत अंडी घालू शकते. उष्ण हवामानात दोन-तीन दिवसांत अंडी उबतात. अळीच्या सहा अवस्था असून त्यांस चौदा ते एकवीस दिवस लागतात. त्यानंतर अळी जमिनीत दोन ते आठ सेंटीमीटर खोलीवर कोष करते. उन्हाळी हवेत आठ-नऊ दिवसांत त्यातून पतंग बाहेर पडतो. थंडीत हा काळ लांबतो. सारांश, उष्ण दिवसांत सुमारे महिनाभरात एक पिढी पूर्ण होते आणि मक्याच्या एका हंगामात तिच्या दोन-तीन पिढ्या सहज होऊन जातात.

यातील कच्चा दुवा कोणता, हे पाहणे महत्त्वाचे आहे. अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण आठवडाभर अळी लहान असते, पानावर उघडी असते आणि थोड्याशा उपायानेही मरते. त्यानंतर ती पोंग्यात खोल शिरते. पोंग्यातील या अळ्या एकमेकींनाही खातात, म्हणून मोठी अळी बहुधा एका पोंग्यात एकटीच सापडते. तिच्या विष्ठेचा बोळा पोंग्याच्या तोंडाशी बसतो आणि वरून पडणारे औषध तिच्यापर्यंत पोहोचू देत नाही. आणि तिच्या एकूण खाण्याचा मोठा भाग याच शेवटच्या दोन अवस्थांत होतो. शेतकऱ्याच्या नजरेत नुकसान भरते ते नेमके या वेळी. तो धावत जाऊन औषध आणतो, पानांवर फवारतो. परंतु अळी पोंग्याच्या तळाशी सुरक्षित असते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार होतो.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पाहणी आठवड्यातून एकदा करून भागत नाही. दोनदा करावी लागते. आणि उपाय मोठी छिद्रे दिसल्यावर नव्हे, तर पांढरे चट्टे दिसताच करावयाचा असतो.

पाने गेली म्हणजे दाणे गेले असे नाही

येथे एका गैरसमजाचा विचार करणे आवश्यक आहे. फाटलेली, चाळण झालेली पाने पाहून शेतकरी हबकतो आणि पीक गेले असे मानून फवारणीवर फवारणी करतो. आफ्रिकेत ही कीड नवीन असताना, २०१७ मध्ये, शेतकऱ्यांना नुकसानीचा अंदाज विचारण्यात आला. घानामध्ये तो सरासरी ४५ टक्के आणि झांबियामध्ये ४० टक्के सांगण्यात आला. पुढे पूर्व झिंबाब्वेमधील छोट्या शेतकऱ्यांच्या शेतात प्रत्यक्ष मोजणी करण्यात आली. तेथे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक झाडांवर अळीचा प्रादुर्भाव असूनही उत्पन्नातील घट सुमारे १२ टक्के भरली. हे आकडे जसेच्या तसे प्रत्येक शेताला लागू पडणार नाहीत. पावसाचा ताण, उशिराची पेरणी आणि खताची उणीव असेल तर घट वाढते. तथापि पानांचे नुकसान आणि दाण्यांचे नुकसान एकच नव्हे, हे त्यावरून निश्चित दिसते.

याचे कारण मक्याच्या रोपाच्या रचनेत आहे. साधारण पाच-सहा पाने होईपर्यंत मक्याचा वाढीचा शेंडा जमिनीच्या पातळीखाली किंवा तिच्या लगत असतो. त्यामुळे वरची पाने कुरतडली गेली तरी जोमदार रोप पुन्हा नवी पाने काढते. शेणखत, शिफारशीप्रमाणे नत्र आणि वेळेवर तणनियंत्रण मिळालेले पीक अळीचा घाव पुष्कळ अंशी भरून काढते. म्हणजे पिकाची सशक्त वाढ हीच संरक्षणाची पहिली फळी होय.

परंतु याचा अर्थ निर्धास्त राहावे, असा मात्र नाही. पोंग्यातील कोवळा तुरा आणि पुढे कणीस यांवर अळीने हल्ला केला तर झालेले नुकसान भरून निघत नाही. म्हणूनच घाबरून फवारू नये आणि डोळे झाकून बसूही नये. मोजावे आणि मग ठरवावे.

मोजणी कशी करावी?

मोजणीला कोणतेही यंत्र लागत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी शेतात शिरावे. कडेच्या चार-पाच ओळी सोडून आत जावे आणि नागमोडी चालीने शेतातील पाच ठिकाणे निवडावीत. प्रत्येक ठिकाणी ओळीने वीस झाडांचा पोंगा पाहावा. अशी शंभर झाडे होतात. त्यांपैकी जितक्या झाडांवर ताजे चट्टे, ताजी छिद्रे किंवा ओली विष्ठा दिसेल, तितके टक्के प्रादुर्भाव समजावा. जुने, सुकलेले व्रण मोजू नयेत. ज्या पोंग्यातून स्वच्छ नवे पान बाहेर येत आहे, त्यात आता अळी नाही.

पीक उगवल्यापासून तीन-चार आठवड्यांपर्यंत शंभरात पाच झाडे प्रादुर्भावित दिसली तरी उपाय सुरू करावा. त्यानंतर, पाचव्या ते सातव्या आठवड्यात, पोंगा मध्यम असताना दहा आणि शेवटच्या टप्प्यात वीस झाडांपर्यंत ही मर्यादा समजावी. यालाच आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. या पातळीच्या आत केलेल्या फवारणीचा खर्च पिकातून परत मिळत नाही.

या कामात घरातील स्त्रियांचा वाटा मोठा आहे. खुरपणीच्या वेळी प्रत्येक ओळ आणि प्रत्येक रोप त्यांच्या नजरेखालून जाते. पांढरे चट्टे आणि करडे अंडीपुंज त्यांना सर्वांत आधी दिसतात. परंतु औषध आणण्याचा निर्णय बहुधा त्यांना न विचारता घेतला जातो. कीड ओळखण्याचे शिक्षण पुरुषांइतकेच त्यांनाही मिळाले, तर गावात वेगळा पहारेकरी नेमण्याची गरज पडणार नाही.

पेरणीपूर्वी आणि पेरणीच्या वेळी

मागील पीक निघाल्यावर खोल नांगरट करावी. त्यामुळे जमिनीतील कोष उघडे पडतात व उन्हाने तापून किंवा पक्ष्यांच्या भक्ष्यस्थानी पडून नष्ट होतात. गावशिवारातील पेरण्या शक्य तितक्या एकाच सुमारास उरकाव्यात. मागे-पुढे झालेल्या पेरण्यांमुळे अळीला सतत कोवळा पोंगा मिळत राहतो आणि उशिरा पेरलेल्या शेताला सर्व पतंगांचा मार सोसावा लागतो.

मक्यात तूर, उडीद किंवा मूग यांचे आंतरपीक घ्यावे. अशा मिश्र पिकात मित्रकीटकांना आसरा मिळतो, आणि लहान शेतकऱ्याला घरापुरती डाळही होते. शेताच्या कडेने नेपियर गवताच्या तीन-चार ओळी सापळा पीक म्हणून लावाव्यात. या गवतावर प्रादुर्भाव दिसताच तेथेच निंबोळी अर्क फवारावा. सायॲन्ट्रानिलीप्रोल आणि थायामेथोक्झाम यांच्या संयुक्त औषधाची बीजप्रक्रिया केलेले बियाणे वापरल्यास रोपाला पहिले दोन-तीन आठवडे संरक्षण मिळते. बियाणे घेताना ही प्रक्रिया झालेली आहे की नाही, हे पिशवीवर पाहून घ्यावे. झालेली असेल तर पुन्हा करू नये.

पहिले तीस दिवस

उगवणीबरोबरच एकरी पाच कामगंध सापळे लावावेत. त्यातील गोळी, म्हणजे ल्युअर, फ्रुजिपर्डा याच किडीची असावी. तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीची किंवा बोंडअळीची गोळी लावून सापळा रिकामा राहतो आणि कीड नाही असा खोटा दिलासा मिळतो. सापळ्याची उंची पिकाच्या शेंड्याबरोबर वाढवीत जावी. एका सापळ्यात तीन पतंग सापडू लागले की अंडी घालण्यास प्रारंभ झाला असे समजावे आणि पाहणी वाढवावी.

अंडीपुंज आणि लहान अळ्या हाताने वेचून रॉकेल किंवा साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. हा उपाय जुनाट वाटतो, पण लहान शेतात त्याच्याइतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय नाही. पंचाहत्तर सेंटीमीटर बाय वीस सेंटीमीटर अंतरावर पेरलेल्या दहा गुंठे मक्यात साधारण पावणेसात हजार झाडे असतात. त्यांतील पाच टक्के म्हणजे साडेतीनशेच्या आत. एवढी झाडे शोधून पाहणे दोन माणसांना एका सकाळचे काम आहे. एक अंडीपुंज चिरडला म्हणजे शंभर-दोनशे अळ्या जन्मण्यापूर्वीच संपतात. मोठ्या जमीनदाराला हा उपाय परवडत नाही. अल्पभूधारकाचे क्षेत्र लहान, ही येथे त्याची उणीव नसून त्याचे बळ आहे.

पेरणीनंतरच्या तीस दिवसांत नऊ भाग बारीक वाळू आणि एक भाग चुना असे मिश्रण चिमूट-चिमूट पोंग्यात टाकावे. वाळूच्या कणांनी अळी घासली जाते आणि पोंग्यात तिला बस्तान बसविता येत नाही. अमेरिका खंडातील व आफ्रिकेतील छोटे शेतकरीही पोंग्यात माती, वाळू किंवा राख टाकण्याचा असाच उपाय करतात. त्याचबरोबर एकरी दहा पक्षिथांबे उभारावेत. कोतवाल, साळुंकी यांसारखे पक्षी त्यांवर बसून अळ्या टिपतात.

शंभरात पाच झाडांवर प्रादुर्भाव दिसताच पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. पाच किलो निंबोळ्यांची भरड नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावी. सकाळी ती फडक्यातून पिळून गाळावी. एक लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात मिसळावा आणि हे द्रावण पाणी घालून शंभर लिटर करावे. अर्क त्याच दिवशी वापरावा. घरी अर्क करणे शक्य नसेल तर १५०० पीपीएम तीव्रतेचे ॲझाडिरेक्टिन दर लिटर पाण्यास पाच मिलिलिटर या प्रमाणात घ्यावे. कडुनिंबामुळे अंडी उबण्याचे प्रमाण घटते आणि लहान अळ्यांचे खाणे मंदावते. मोठ्या अळीवर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही. म्हणूनच त्याची वेळ चुकता कामा नये.

ट्रायकोग्रामा प्रिटिओसम किंवा टेलेनोमस रेमस या सूक्ष्म परोपजीवी कीटकांची एकरी पन्नास हजार अंडी आठवड्याच्या अंतराने शेतात सोडावीत. हे कीटक लष्करी अळीच्या अंड्यांत आपली अंडी घालतात. त्यांची कार्डे लावल्यावर रासायनिक फवारणी करू नये; अन्यथा पाहुण्याला बोलावून त्यालाच विष दिल्यासारखे होईल. पंधरा ते पंचवीस दिवसांच्या पिकात मेटारायझियम ॲनिसोप्ली ही बुरशी दर लिटर पाण्यास पाच ग्रॅम, किंवा नोमुरिया रिलाई ही बुरशी तीन ग्रॅम घेऊन पोंग्यात फवारावी. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जिवाणूजन्य औषध दोन ग्रॅम या प्रमाणात चालते. हवेत ओलावा असताना, संध्याकाळी केलेली फवारणी अधिक गुणकारी ठरते.

पावसाळ्यात पोंग्यात किंवा पानावर अळ्या ताठ होऊन मेलेल्या आणि त्यांवर पांढरी, पुढे हिरवट बुरशी चढलेली दिसली, तर ते नोमुरियाचे नैसर्गिक कार्य होय. ढालकिडे, कोळी आणि शेपटीशी चिमटा असलेले तपकिरी कीटक हेही अंडी व लहान अळ्या खातात. हे बिनपगारी नोकर जेथे कामावर दिसतील, तेथे औषधाचा पंप खाली ठेवावा.

रासायनिक औषधे : केव्हा व कशी?

एवढे करूनही मधल्या टप्प्यात प्रादुर्भाव दहा ते वीस टक्क्यांवर गेला, तर रासायनिक औषध वापरणे क्रमप्राप्त आहे. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससी दर लिटर पाण्यास ०.४ मिलिलिटर, किंवा स्पिनेटोरम ११.७ टक्के एससी ०.५ मिलिलिटर, किंवा थायामेथोक्झाम १२.६ टक्के अधिक लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन ९.५ टक्के झेडसी ०.२५ मिलिलिटर, यांपैकी कोणतेही एक घ्यावे. औषधांच्या शिफारशी वेळोवेळी बदलतात, म्हणून खरेदीपूर्वी गावपातळीवरील कृषी कर्मचाऱ्याकडून किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून खात्री करून घ्यावी आणि वेष्टनावरील सूचना वाचाव्यात. पक्के बिल घ्यावे.

फवारणी संध्याकाळी करावी, कारण अळी अंधार पडल्यावर वर येते. पंपाचा तोटा पोंग्यावर धरून औषध पोंग्यात उतरेल असे पाहावे. दोन-तीन औषधे एकत्र मिसळू नयेत आणि एकच औषध पुन्हा पुन्हा वापरू नये. या किडीने अमेरिका खंडात अनेक औषधांना दाद न देण्याची शक्ती मिळविलेली आहे. तीच चूक येथे केल्यास उद्या हाती औषध उरणार नाही. वैरणीच्या मक्यावर रासायनिक औषधे टाळून जैविक उपायांवरच भर द्यावा. जे विष पानावर पडते ते दुधापर्यंत पोहोचू शकते.

फवारणी करणाऱ्या माणसाच्या जिवाची काळजी हा यातला सर्वांत गंभीर भाग आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. मक्याचे पीकही डोक्याएवढे उंच वाढते. अशा पिकात शिरून फवारणी करणे म्हणजे औषधाच्या धुक्यातून चालणे होय. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, तोंडावर मुखपट्टी आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय फवारणी करू नये. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालू नये. फवारताना विडी, तंबाखू किंवा खाणे-पिणे वर्ज्य समजावे. चक्कर, मळमळ किंवा घाम जाणवताच काम थांबवून दवाखाना गाठावा आणि औषधाची बाटली किंवा तिचे वेष्टन डॉक्टरांना दाखविण्यासाठी बरोबर न्यावे. मजुरी देऊन दुसऱ्याच्या पाठीवर पंप देणाऱ्याने त्याच्या संरक्षणाची जबाबदारीही घेतली पाहिजे.

तुरा बाहेर पडल्यानंतर

आठव्या आठवड्यानंतर, तुरा बाहेर पडल्यावर, रासायनिक फवारणी करू नये. तिचा खर्च निघत नाही, अळी कणसाच्या आवरणात असल्याने औषध तिला लागत नाही, आणि पिकात शिरणाऱ्या माणसाला मात्र अपाय होतो. बैल गेला आणि झोपा केला, अशी ही फवारणी ठरते. या अवस्थेत कणसावरील मोठ्या अळ्या हाताने वेचून नष्ट करणे, एवढाच किफायतशीर उपाय उरतो. कणसे काढल्यावर ताटे शेतात उभी ठेवू नयेत.

एका शेताचा नव्हे, शिवाराचा प्रश्न

रात्रीत शंभर किलोमीटर जाणाऱ्या पतंगाला बांध अडवीत नाही. एकाने वेचणी केली आणि शेजाऱ्याने दुर्लक्ष केले, तर पुढच्या महिन्यात दोघांच्याही शेतात सारख्याच अळ्या दिसतील. म्हणून पेरणीची वेळ, सापळ्यांतील पतंगांची नोंद आणि वेचणीचा दिवस या तीन गोष्टी गावाने मिळून ठरवाव्यात. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आठवड्यातून दोनदा सापळ्यांचे आकडे लिहिले गेले, तर कोणाला केव्हा शेतात जावयाचे हे विचारावे लागणार नाही. सापळे आणि निंबोळ्यांची भरड बचत गटांनी एकत्र आणली, तर ती स्वस्तही पडतील. उन्हाळ्यात कडुनिंबाखाली पडणाऱ्या निंबोळ्या वाळवून ठेवणे हे काम तर आजही विनाखर्च होऊ शकते.

ही कीड आता या देशातून जाईल, अशी आशा धरणे व्यर्थ आहे. ज्वारीवर खोडकिडा आणि हरभऱ्यावर घाटेअळी जशी आहे, तशी ती मक्यावर राहणार. परंतु राहणे आणि राज्य करणे यांत अंतर आहे. ज्या शेतात आठवड्यातून दोनदा कोणीतरी पोंगा उघडून पाहते, तेथे तिला राज्य करता येत नाही. येत्या हंगामात मका उगवून दहा दिवस झाले की दर सोमवारी आणि शुक्रवारी शंभर झाडे मोजण्याचा नेम प्रत्येक मका उत्पादकाने धरावा. त्या अर्ध्या तासात दुकानदाराची उधारी वाचेल, वैरण निर्धास्त राहील आणि कणसात दाणा भरेल.